टॅगवरचे सत्तर, गोणपाटातले सत्तर

मे महिना सरत आला की कृषी सहायक गावच्या पारावर गोणपाट घेऊन बसतात, शंभर दाणे मोजून मांडतात, गुंडाळी करतात, फोटो काढतात. त्याच आठवड्यात कृषी सेवा केंद्राच्या बाकड्यावर या प्रकाराची टिंगलही सुरू होते. पैसे मोजून सीलबंद पिशवी घ्यायची आणि वर तिची परीक्षाही आपणच घ्यायची? शंभर दाण्यांवरून एकराचं काय कळतं? गोणपाटात उगवलं ते रानात उगवेलच कशावरून? आणि एक जड आक्षेप असतो, तो शेतकरी चळवळीत वाढलेली माणसं घेतात: उगवण तपासा असं शेतकऱ्याला सांगणं म्हणजे कंपनीची जबाबदारी अलगद त्याच्या डोक्यावर ठेवणं.

हा शेवटचा आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. बाकीचे तीन आक्षेप निव्वळ आळसातून आलेत. पण चारही चुकीचे आहेत, आणि दर वर्षी ते तितक्याच ठसक्यात बोलले जातात म्हणून हा लेख.

मी इथे मुख्यतः सोयाबीनबद्दल बोलतोय. कराड, पाटण, कोरेगावपासून वाळवा, पलूस, मिरजेपर्यंत खरिपात उगवणीवरून भांडण होतं ते बहुतेक सोयाबीनवरूनच. शिवाय हे पीक या भागाने नुसतं स्वीकारलेलं नाही, घडवलेलंही आहे. फुले अग्रणी, फुले संगम, फुले किमया ही वाणं मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रातून आली. केडीएस ७२६ या वाण-क्रमांकातलं 'केडीएस' म्हणजे कसबे डिग्रज सोयाबीन. म्हणून आपल्याकडे एक खोटी निर्धास्ती आलीय. वाण आपल्या शिवारातलं, मग बी कशाला तपासायचं? पण वाण आणि बी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वाण कसबे डिग्रजचं असेल. पिशवीतलं बी कुणाच्या रानात पिकलं, मळणीच्या वेळी ते किती वाळलेलं होतं, कोणत्या गोदामात त्याने उन्हाळा काढला, यातलं काहीही वाणाच्या नावात नसतं.

आता टॅगकडे येऊ. 'पिशवीवर सत्तर टक्के छापलंय' हे वाक्य ज्या खात्रीने फेकलं जातं ती खात्री छपाईची आहे. प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान उगवणक्षमता ७० टक्के लागते. गव्हाला आणि हरभऱ्याला हीच अट ८५ टक्क्यांची आहे. सोयाबीनला ही सवलत कुणा कंपनीच्या लाडाने मिळालेली नाही. हे बीच नाजूक आहे. साल पातळ, आणि ज्यातून पुढे मूळ निघायचं तो अंकुर सालीच्या अगदी खाली, एका कडेला. मळणी यंत्राचा वेग जास्त ठेवला, पोतं ट्रकवरून आदळलं, खळ्यावर बी भिजलं आणि पुन्हा वाळलं, की वरून गोल, पिवळा, चकचकीत दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. दाणा जितका टपोरा तितका मळणीतला मार जास्त. हरभऱ्याचं पोतं हमाल जसं टाकतो तसं सोयाबीनचं टाकलं तर प्रत्येक आदळीला काही दाणे कायमचे जातात, आणि त्याची नोंद कुठल्याही टॅगवर होत नाही.

टॅगवर एक तारीख असते. बहुतेक जण ती वाचत नाहीत. ती चाचणीची तारीख. प्रमाणित बियाण्याची वैधता त्या तारखेपासून नऊ महिने धरतात, आणि फेरचाचणी करून ती आणखी वाढवता येते. म्हणजे सत्तरचा आकडा त्या दिवसाचा असतो. त्यानंतर बी गोदामातून वितरकाकडे, वितरकाकडून तालुक्याला, तिथून गावच्या दुकानात येतं. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या छपराखाली, खताच्या पोत्यांशेजारी थप्पी लागते. तारीख जुनी होते, आकडा मात्र छापल्यासारखाच राहतो. आणि पिशवीला निळ्या टॅगऐवजी फिकट हिरवं लेबल असेल, म्हणजे माल सत्यप्रत असेल, तर तो आकडा उत्पादकाने स्वतःच जाहीर केलेला असतो. प्रमाणीकरण यंत्रणेने तो तपासलेला नसतो. सत्यप्रत बी वाईटच असतं असं नाही. पण 'सरकारी शिक्का आहे' असं समजून ते घेणारे कमी नाहीत.

याचा धडा २०२० च्या खरिपाने दिला होता. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, ऑगस्टात कृष्णा-वारणेला महापूर आला आणि पुढे राज्यभर पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला. सोयाबीन शेंगेतच भिजलं, काही ठिकाणी शेंगेतच मोडावलं. तेच पीक पुढच्या वर्षीचं बी झालं. जूनमध्ये पेरण्या झाल्या आणि मराठवाडा-विदर्भातून न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या. सरकारी महामंडळापासून खासगी कंपन्यांपर्यंत सगळ्यांच्या पिशव्या त्यात होत्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हा आपल्याकडे काय म्हटलं गेलं? 'ते तिकडचं. तिकडे पाणी नाही. आपल्याला उपसा आहे, पाट आहे.' मेलेलं बी पाण्याने जिवंत होत नाही. उलट बागायती रानात ते दोन दिवस आधी कुजतं.

दुसरा आक्षेप, शंभर दाण्यांत काय कळतं. हा आक्षेप घेणारा माणूस सहसा गणित करत नाही, म्हणून आपण करू. ज्या बियाण्याची खरी उगवण ७० टक्के आहे त्यातले शंभर दाणे नीट मिसळून घेतले, तर शंभरातल्या पंचाण्णव वेळा उत्तर ६१ ते ७९ च्या दरम्यान येतं. म्हणजे गोणपाटात ६७ आले म्हणून कंपनीच्या नावाने शिमगा करू नये, आणि ७४ आले म्हणून पेढेही वाटू नयेत. पण ४५ आले तर? तर ते बी सत्तरचं असण्याची शक्यता जवळपास नाही. घरच्या चाचणीला सत्तर आणि चौऱ्याहत्तर यांतला फरक विचारायचाच नसतो. तिला विचारायचं ते सत्तर की पंचेचाळीस, आणि ते ती बिनचूक सांगते. प्रयोगशाळेतसुद्धा जादू नसते. तिथे शंभर-शंभरचे चार गट, म्हणजे चारशे दाणे लावतात, म्हणून आकडा जास्त घट्ट येतो. शंका आली तर घरीही चार गोणपाटं भिजवायला कुणी अडवलेलं नाही.

हां, दहा दाणे बशीत कापसावर ठेवून 'आठ उगवले, ऐंशी टक्के' म्हणणाऱ्यांची टिंगल खुशाल करावी. दहा दाण्यांत सत्तरचं बी पाचही दाखवील आणि नऊही.

इथेच घटस्थापनेचा विषय निघतो. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात, ही आपल्या पूर्वजांची बीजपरीक्षाच होती, असं आता दर ऑक्टोबरात मोबाईलवर फिरतं. मला याचा कंटाळा आलाय. घटात मूठभर धान्य फेकलं जातं, किती टाकलं ते कुणी मोजत नाही, किती उगवलं ते मोजत नाही, आणि सगळं दाट हिरवं दिसलं की घरातली मंडळी खूश. श्रद्धा म्हणून ठीक आहे. मोजल्याशिवाय परीक्षा होत नाही.

मोजायचं काय, हा मात्र खरा प्रश्न आहे, आणि इथे मी टिंगल करणाऱ्यांच्या नव्हे, प्रचार करणाऱ्यांच्या विरोधात बोलणार आहे. भित्तिपत्रकांवर 'अंकुरलेले दाणे मोजा' एवढंच लिहितात. मग शेतकरी चौथ्या दिवशी गुंडाळी उघडतो, ज्या दाण्याला पांढरं टोक दिसेल तो पास करतो, आणि ८२ टक्के लिहून मोकळा होतो. हे चूक आहे. गोणपाट अंगाला लागेल इतकं ओलं, पण पिळलं तर पाणी ठिबकू नये असं ठेवलं, सावलीत ठेवलं, तर पाचव्या-सहाव्या दिवशी नीट उजेडात उलगडावं. चांगलं रोप लगेच कळतं: मूळ लांब, पांढरं, त्याला बाजूने बारीक मुळ्या फुटू लागलेल्या; वर ताठ दांडा आणि दोन भरीव, डाग नसलेल्या डाळिंब्या. त्याच्या शेजारीच असा एखादा दाणा असतो, ज्याचं मूळ नखाएवढं येऊन थांबलंय, टोकाला तपकिरी आणि बोथट झालंय. मळणीत त्याचं टोक दुखावलं होतं. तिसऱ्याची एक डाळिंबी गळून पडलीय, दुसरीवर काळसर खळगा. चौथा नुसता फुगलाय. बोटाने दाबला तर चिकट पांढरं बाहेर येतं आणि आंबूस वास सुटतो. पहिला मोजायचा. टोक दिसलं म्हणून दुसरा आणि तिसरा मोजायचा नाही. प्रयोगशाळेतही मोजतात ते सर्वसाधारण रोप, नुसता मोड नव्हे; आणि सोयाबीनची शेवटची मोजणी तिथे आठव्या दिवशी होते. घाईने मोजलेल्या आणि मोड मोजून फुगवलेल्या आकड्यांमुळेच 'गोणपाटात उगवलं, रानात नाही' ही म्हण तयार झाली.

त्या म्हणीत तथ्य आहेच. गोणपाटात बियाण्याला सगळं आयतं मिळतं: सारखी ओल, सावली, वर मातीचं ओझं नाही. रानात पेरणी पाच सेंटिमीटरच्या खाली गेली, मोठा पाऊस पडून वर कवच धरलं, पुरेशी ओल नसताना घाई केली, तर चांगलं बीही अडकतं. म्हणून काय, चाचणी फोल? चाचणीचा निकाल एकाच दिशेने पक्का असतो, हे समजून घ्यायला हवं. गोणपाटात पास झालेलं बी रानात नापास होऊ शकतं. गोणपाटात नापास झालेलं बी रानात पास होत नाही. आणि शेतकऱ्याला हवी असते ती ही दुसरी माहिती. ज्याला आणखी खात्री हवी त्याने एका घमेल्यात आपल्याच रानातली माती भरून तीन-चार सेंटिमीटरवर शंभर दाणे लावावेत आणि माती फोडून किती वर येतात ते पाहावं. गोणपाटातल्या आणि घमेल्यातल्या आकड्यात मोठी तफावत आली, तर बियाण्यात जीव आहे पण जोम नाही.

शिराळ्याच्या आणि पाटणच्या डोंगराकडेच्या भातकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. धूळवाफेवर भात पेरणारा माणूस कोरड्या मातीत बी टाकतो आणि पावसाची वाट बघतो. तिथे बियाण्याचा जोम हाच सगळा जुगार असतो.

'मग चार किलो जास्त टाकू' हा एक पोक्त सल्ला नेहमी मिळतो. किती जास्त, हे न मोजता कसं ठरवणार? सत्तर टक्क्यांना एकरी ३० किलो धरलं, तर साठ टक्क्यांना ३५ लागतात. हा हिशेब चाचणी केलेल्यालाच करता येतो. बी चांगलं असताना जास्त टाकलं तर दाटी होते, झाडं नुसती उंच वाढतात आणि लोळतात. आणि आपल्याकडे तर सरीवर टोकण करण्याची रीत आहे. तिथे हे गणित फार बोचतं. एका ठिकाणी दोन दाणे टाकले आणि बी सत्तरचं असेल, तर शंभरातल्या नऊ ठिकाणी दोन्ही दाणे फसतात. बी पन्नासचं असेल तर पंचवीस ठिकाणी. म्हणजे दर चौथी जागा मोकळी. मग नांगे भरायला बायका पुन्हा लावायच्या, त्यांची मजुरी पुन्हा द्यायची, आणि मागून लावलेलं रोप पहिल्या रोपाच्या सावलीत कुढत बसतं. चाचणीचा खर्च शंभर दाणे. सोयाबीनचे शंभर दाणे तोळा-दीड तोळ्याच्या आसपास भरतात.

घरचं बी वापरणाऱ्याचा तर यात उघड फायदा आहे. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, सरळ वाण आहे. दोन-तीन वर्षं घरचं बी चालतं, आणि ते राखण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने दिलाय. असं राखलेलं बी मेमध्ये चाचणीत नापास झालं तर ते सांगली-कराडच्या बाजारात सोयाबीन म्हणून विकता येतं. पेरून नापास झालं तर सगळंच मातीत. विकतच्या बियाण्याला ही सोय नाही. त्याला अनेकदा औषध चोळलेलं असतं, ते माणसाला, जनावराला, कोंबड्यांना, कुणालाच घालायचं नसतं.

आता तो जड आक्षेप. शेतकऱ्याने तपासायचं तर कंपनीने काय करायचं?

आक्षेपामागची चीड रास्त आहे. २०२०च्या पावसाळ्यात शेतकऱ्यांना काय ऐकावं लागलं ते आठवा: खोल पेरलं, ओल नसताना पेरलं, बी हाताळलं नीट नाही. दोष बियाण्यात सोडून सगळीकडे शोधला गेला. १९६६ च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. दुसऱ्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एका हॉटेलात चार माणसांनी मटणाचं ताट घेतलं तर यापेक्षा जास्त बिल होतं. अशा कायद्याच्या राज्यात 'तुम्हीच तपासून घ्या' असं सरकारने सांगितलं की शेतकरी नेत्याच्या मस्तकात तिडीक जाते, आणि ती जायलाच हवी.

पण चिडीतून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. घरी तपासल्याने कंपनीची कायदेशीर जबाबदारी रतीभरही कमी होत नाही. किमान उगवणीची अट विकणाऱ्यावर आहे, घेणाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात सांगून टाकलंय की बी विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे, तो ग्राहक मंचात जाऊ शकतो, आणि पुढे कधी प्रयोगशाळेत पाठवावं लागेल म्हणून त्याने बी बाजूला काढून ठेवावं अशी अपेक्षा करता येत नाही. या निकालाचा हवाला देऊन काही जण म्हणतात, बघा, न्यायालयानेच सांगितलं, शेतकऱ्याने काही करायची गरज नाही. न्यायालय असं काही म्हणालेलं नाही. पेरून बसलेल्या, हातात काही न उरलेल्या माणसाला दारातून परत पाठवू नका, एवढं ते म्हणालं. तो निकाल दावा वाचवतो. हंगाम वाचवायला आदेश येईपर्यंत थांबता येत नाही.

आणि या व्यवहारात कुणाला काय माहीत असतं ते पाहा. कंपनीकडे प्रत्येक लॉटचे चाचणी अहवाल असतात. वितरकाला कुठून तक्रारी येतायत ते फोनवर कळतं. दुकानदाराला कोणता लॉट ताजा आणि कोणता गेल्या वर्षीचा फेरवैध केलेला, हे माहीत असतं. काहीच माहीत नसतं ते शेतकऱ्याला, आणि पैसे, रान, घात सगळं पणाला लावतो तोच. गोणपाट त्याला पहिल्यांदा स्वतःचा आकडा देतं. हे ओझं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी समोरच्याच्या आकड्यावर भांडून किती खटले जिंकले ते सांगावं.

तक्रार करायची वेळ आलीच, तर १९६८ च्या बियाणे नियमांतल्या २३-अ प्रमाणे निरीक्षकाने पिशवी, लेबल आणि शक्य असेल तेवढं उरलेलं बी ताब्यात घ्यायचं असतं. म्हणून पिशवी टॅगच्या बाजूने न फोडता खालून उसवावी, टॅग शिलाईसकट जागेवर ठेवावा, पावतीवर लॉट नंबर लिहून घ्यावा आणि मूठभर बी राखावं. न्यायालय ते मागणार नाही. पण पंचनाम्याला आलेल्या समितीसमोर ते ठेवलं की 'तुम्ही खोल पेरलं' हे वाक्य निदान अडखळतं. गोणपाटातला आकडा हा कायद्याने पुरावा नाही, हे मान्य. पण पेरणीच्या आधी, तारीख घालून, चार शेजाऱ्यांसमोर मोजलेला ४८ हा आकडा पेरणीनंतरच्या रडारडीपेक्षा कितीतरी जास्त ऐकला जातो. शुल्क भरून नमुना शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेत देता येतो. पुण्याची आपल्याला जवळची. तिथे काय पाठवायचं आणि काय नाही, हेही घरच्या चाचणीनेच ठरतं.

एक अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. दुकानात पिशवी परत न्यायला गेलात की काउंटरवरून ठरलेलं उत्तर येतं: 'आण्णा, फोडलेली पिशवी परत घेता येत नाही.' चाचणीसाठी पिशवी उसवलीच पाहिजे आणि उसवली की परत नाही, म्हणजे चाचणी करून उपयोग काय? शेतकरी चळवळीने आपला राग इथे लावावा. चाचणी करू नका असं सांगण्यापेक्षा, खालून उसवलेली, टॅग शाबूत असलेली, चाचणीत नापास झालेली पिशवी पेरणीपूर्वी परत घेणं विक्रेत्याला बंधनकारक करा, अशी मागणी तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावी. तोवर गावपातळीवर करता येण्यासारखं आहे ते असं: एका गावात एकाच लॉटच्या वीस-पंचवीस पिशव्या येतात. त्यातली एकच आधी घ्यावी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, पाचजणांत पैसे वाटून. तिचे शंभर दाणे लावावेत, लॉट नंबर आणि आलेला आकडा दूध डेअरीच्या फळ्यावर लिहावा. बाकीच्यांनी तो वाचून मग दुकानात जावं.